वीस वाव, मग पंधरा वाव

मांडवी एक्सप्रेसचा आणि रत्नागिरीच्या मांडवीचा तसा काही संबंध नाही. गाडीचं नाव गोव्याच्या नदीवरून पडलंय आणि रत्नागिरीची मांडवी म्हणजे शहराचं जुनं बंदर. (मांडवी या शब्दाचा मूळ अर्थ जकातीचं ठाणं. माल उतरला की आधी इथे दाखवायचा, मग पुढे न्यायचा.) तरीसुद्धा 'चला, मांडवीने मांडवीला' हा फालतू विनोद माझा एक मित्र गेली बारा वर्षं न चुकता मारतो. या वेळी ठाण्याला गाडीत बसलो, पनवेल गेलं, चिपळूण गेलं, तरी त्याने तो मारला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मित्र रत्नागिरीचा, कॅथलिक. आम्ही पूर्वी एकाच कंपनीत होतो, शेजारशेजारच्या क्यूबिकलमध्ये. देव आहे की नाही यावर कँटीनमध्ये आम्ही जेवढा वेळ घालवलाय तेवढ्यात एखादं छोटं प्रॉडक्ट बाजारात आणता आलं असतं :) मी गणपतीत पाच दिवस आस्तिक आणि उरलेलं वर्ष वाद घालायला मोकळा, अशा जातीचा. तो मात्र दर रविवारी मिसाला जाणारा. त्याचा विश्वास दिखाऊ नाही, पण पक्का. निदान मी तसं धरून चाललो होतो.

संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर गेलो. भेळेच्या गाड्या, काळी वाळू, उजव्या हाताला रत्नदुर्गाचा डोंगर, मिरकरवाड्याकडून बाहेर पडणारे ट्रॉलर. पूर्वी मुंबई-गोवा बोट इथे थेट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून ने-आण करायचे. ते सगळं तो मला दर वेळी सांगतो. या वेळी गप्प होता. मग एकदम म्हणाला, "तीन आठवडे झाले, माझी नोकरी गेलीये."

अख्खी टीम काढली होती. सकाळी मेल, दुपारी पंधरा मिनिटांचा कॉल, संध्याकाळी लॅपटॉप परत. हे आता नवीन राहिलेलं नाही, आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी जण आहेच. पण त्याच महिन्यात त्याच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता होताच. आणि हे सगळं त्याने घरी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. रोज सकाळी आपला जुना लॅपटॉप बॅगेत टाकून तो नऊच्या लोकलने निघायचा आणि वांद्र्याला माऊंट मेरीत मागच्या बाकावर जाऊन बसायचा. अर्ज करायचा, प्रार्थना करायचा, डबा खायचा, संध्याकाळी घरी.

"देवावर विश्वास ठेवायचा ना?" तो म्हणाला. "ठेवलाय. काहीतरी होईल, मग सांगेन असं ठरवलंय."

मला काय बोलावं सुचेना. एरवी मी लगेच तर्क काढला असता. पण मीठ-मिरची लावलेल्या कैरीची फोड हातात धरून एवढा मोठा माणूस रडताना पाहिला की तर्क आठवत नाहीत.

आता इथे थोडं थांबून, माझा मूळचा जो मुद्दा होता तो सांगतो. ग्रीसमध्ये डायगोरस नावाचा एक नास्तिक होऊन गेला. त्याची गोष्ट सिसेरोने लिहून ठेवलीये. कुणीतरी त्याला देवळातली चित्रं दाखवली. ज्यांनी नवस बोलला आणि जे वादळातून वाचले, अशा खलाशांनी वाहिलेली. डायगोरसने विचारलं, ज्यांनी नवस बोलला आणि तरी जे बुडाले, त्यांची चित्रं कुठायत? आमच्या भाषेत सांगायचं तर तुमचं सँपलच चुकलंय, फक्त वाचलेल्यांचाच डेटा आहे.

कोकणात हे समजावून सांगायला ग्रीसपर्यंत जायची गरज नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. त्या बोटीवरच्या माणसांनी देवाला हाक मारली नसेल असं कोण म्हणेल? आणि ती सगळी आपापल्या परीने श्रद्धाळूच होती की. तेव्हा 'विश्वास ठेव, सगळं नीट होईल' हे वाक्य मला नेहमीच खोटं वाटत आलंय. खोटं आणि वर थोडं क्रूरही, कारण त्याची उलटी बाजू अशी निघते की ज्याचं नीट झालं नाही त्याचा विश्वासच कमी पडला. व्हॉट्सॅपवर सकाळी सकाळी येणाऱ्या फुलांच्या चित्रांवर हेच लिहिलेलं असतं. सगळ्या धर्मांच्या ग्रुप्सवर, भेदभाव नाही.

थोडक्यात, मित्राच्या 'काहीतरी होईल' या विश्वासाबद्दल माझ्या मनात फारसा आदर नव्हता. पण त्या रात्री जे ऐकलं त्याने माझा मुद्दा अर्धा खरा आणि अर्धा उथळ ठरला.

त्याचे वडील (मी त्यांना अंकल म्हणतो) तीस वर्षं बोटीवर होते. कोकणातल्या पुष्कळ पुरुषांसारखेच इंजिन रूममध्ये. आता खूप थकलेत, हाताला डायलिसिसच्या सुयांची पट्टी. जेवणं झाल्यावर मित्राने एकदाचं सगळं सांगून टाकलं. आंटींनी तोंडाला पदर लावला. अंकल बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिला सांगितलंस?"

"नाही, पप्पा."

"मग आधी फोन कर. बाहेर जाऊन कर, सावकाश बोल. नंतर आपण बोलू."

तो अंगणात गेला. आम्ही आत बसलो. फोन चाळीस मिनिटं चालला. मध्ये एकदा त्याचा आवाज चढला, मग बराच वेळ फक्त "हं... हं..." ऐकू येत होतं. तो आत आल्यावर अंकलनी कपाटावरचं मराठी बायबल मागितलं, चष्मा लावला आणि प्रेषितांच्या कृत्यांमधला सत्ताविसावा अध्याय काढला. वाचला नाही, नुसता समोर धरला आणि आपल्या शब्दांत सांगायला लागले. जहाजावर आयुष्य काढलेला माणूस जहाजाची गोष्ट सांगतो तेव्हा ती ऐकण्यासारखी असते.

गोष्ट अशी. पौल कैदी आहे, त्याला रोमला न्यायचंय. हवामानाचे दिवस चांगले नाहीत. क्रीट बेटावर असतानाच पौल सांगतो की पुढे जाऊ नका, नुकसान होईल. पण अधिकारी कॅप्टनचं आणि जहाजमालकाचं ऐकतो. (हे ऐकताना मला आमच्या तीन-चार रिलीज मीटिंगा आठवल्या, पण गप्प बसलो.) व्हायचं तेच होतं. वादळ येतं, दिवसामागून दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत. माल समुद्रात टाकतात. जहाजावर २७६ माणसं. चौदाव्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमाराला खलाशांना वाटतं की जमीन जवळ आलीये. दोरीला वजन बांधून पाणी मोजतात. वीस वाव. थोडं पुढे जाऊन परत मोजतात. पंधरा वाव.

"समजतंय ना?" अंकल म्हणाले. "एक वाव म्हणजे सहा फूट. पाणी उथळ होतंय. किनारा जवळ आला म्हणून खूष होऊ नये, रात्रीच्या वेळी हीच घाबरायची गोष्ट. खडकावर आपटणार."

मग ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. तेवढ्यात काही खलाशी, पुढून नांगर टाकतोय असं दाखवून, छोटी होडी खाली सोडतात. पळून जायचा बेत. पौलाच्या ते लक्षात येतं. तो अधिकाऱ्याला सांगतो, ही माणसं जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही कुणीच वाचणार नाही. शिपाई दोर कापतात, होडी रिकामीच वाहून जाते. पहाटे पौल सगळ्यांना म्हणतो, चौदा दिवस धड जेवला नाहीत, काहीतरी खा. स्वतः भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. उजाडल्यावर जहाज वाळूच्या पट्ट्यावर रुततं, मागचा भाग लाटांनी फुटतो. पोहणारे पोहत, बाकीचे फळ्या धरून, सगळे किनाऱ्याला लागतात. ते बेट म्हणजे माल्टा.

अंकलनी पुस्तक मिटलं. "बघ, जहाज वाचलं नाही. पौल आधीच सांगून मोकळा झाला होता, जहाज जाणार, माणसं राहतील. आणि कुणाला सांगितलं? २७६ जणांना. भर वादळात उभं राहून सांगितलं. तू घरातल्या दोघा-तिघांना नाही सांगू शकलास, बाबू. आणि मला म्हणतोस विश्वास ठेवलाय."

मित्र खाली मान घालून बसला होता. अंकलच्या आवाजात राग नव्हता.

रात्री झोप लागेना तेव्हा माझ्या डोक्यात त्या गोष्टीची वेगळीच मोजदाद चालली होती. त्या अख्ख्या अध्यायात पौल चमत्कार म्हणावा असं काही करत नाही. त्याला आश्वासन मिळालेलं आहे, हे खरं. पण आश्वासन मिळालं म्हणून कुणी हात बांधून बसलेलं नाही. माल टाकलाय, पाणी मोजलंय, नांगर टाकलेत, पळणाऱ्यांना अडवलंय, उपाशी माणसांना खायला लावलंय. आणि मुख्य म्हणजे परिस्थिती जी आहे ती सगळ्यांसमोर मांडलीये. 'सगळं नीट होईल' असं पौल म्हणतच नाही. शिवाय हाच पौल पुढे रोममध्ये मारला गेला असं ख्रिस्ती परंपरा सांगते. म्हणजे ही सुटका काही कायमची नव्हती. डायगोरसचा प्रश्न या माणसाला लागूच पडत नाही, कारण तो निकालाची हमी देऊन विश्वास विकत नाहीये.

आपल्याकडे याचं ठळक उदाहरण शोधायला गेलं तर ते याच जिल्ह्यात सापडतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आपण त्यांना शाळेतल्या फुलांच्या आणि जखमी पक्षिणीच्या कवितांमुळे ओळखतो. पण माणूस म्हणून त्यांनी जो प्रसंग ओढवून घेतला तो आजच्या कुठल्याही ले-ऑफपेक्षा मोठा होता. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे पंडित. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

याची किंमत काय होती ते आज आपल्या लक्षातही येत नाही. जात गेली, नातेवाईक गेले, पंडित म्हणून असलेली प्रतिष्ठा गेली. आणि बायको दुरावली. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन माहेरच्यांकडे राहिल्या. जवळपास पाच वर्षं.

इथे एक कायद्याची गोष्ट आहे, फारशी कुणाला माहीत नसलेली. १८६६ चा एक कायदा होता. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि केवळ त्या कारणाने जोडीदार सोडून गेला, तर धर्मांतर केलेल्याला कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येत असे. म्हणजे टिळकांसमोर सरळ, कायदेशीर, छोटी होडी खाली सोडलेली होती. त्यात बसून ते जाऊ शकले असते. गेले नाहीत. ते थांबले. अखेर लक्ष्मीबाई परत आल्या, तेही सुरुवातीला आपलं सोवळं-ओवळं सांभाळूनच. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही, तर जातीपातीबद्दल स्वतः विचार करून, स्वतःच्या वेळेला.

पण मला टिळकांचा पुतळा उभारायचा नाहीये. 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल त्याला तो उभारता येणारच नाही, लक्ष्मीबाईंनी ती सोयच ठेवलेली नाही. टिळक लहरी, तापट, पैसा हातात न टिकणारे, कधी उठून कुठे जातील याचा नेम नाही. आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या, त्यांना कळलं ते नंतर. आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय त्या माणसाने बायकोला विश्वासात न घेता केला. देवावरच्या विश्वासात ते कमी पडले नाहीत. बायकोवरच्या विश्वासात पडले. त्या पाच वर्षांची झळ त्यांना बसलीच, पण तिला जास्त बसली. तिच्या हातात ना कायदा होता, ना मिशनचा आधार.

मला वाटतं, पुरुषांच्या श्रद्धेबद्दल बोलताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या श्रद्धेचं बिल कोण भरतंय? माझा मित्र माऊंट मेरीच्या बाकावर शांतपणे बसला होता, तेव्हा त्याची बायको ऑफिस, मुलीची शाळा आणि सासऱ्यांच्या रिपोर्टांचे फोन यांत धावत होती. ज्या जहाजात आपण बसलोय त्याला भोक पडलंय हे तिला माहीतच नव्हतं. तिने त्याच महिन्यात मुलीला नव्या क्लासला घातलं होतं, वर्षाची फी भरून! हा विश्वास नव्हे. यात देवाचा वापर फक्त लपायला जागा म्हणून झाला.

आणि असं लपण्यात पुरुष जास्त पटाईत, हे मी स्वतःवरूनच सांगतो. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की घरच्यांना काळजीत टाकायचं नाही. ऐकायला किती छान वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की आपली भीती आपण कुणाला दाखवत नाही, आणि शेवटी घरच्यांना बातमी मिळते ती बँकेच्या फोनवरून. आमच्या धंद्यात याला चांगला शब्द आहे. सर्व्हर पडलाय आणि डॅशबोर्ड हिरवा दाखवतोय.

गंमत अशी, की ख्रिस्ती माणसाला तरी या बाबतीत सबब नाही. त्यांच्या धर्माच्या मध्यभागी जो पुरुष आहे तो गेथशेमानेच्या बागेत काय करतो? अटक होणार हे कळलेलं आहे. तो तीन मित्रांना बरोबर नेतो आणि त्यांना सरळ सांगतो की माझा जीव अतिशय कष्टी झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. मग गुडघे टेकून देवाकडे मागणं मागतो की हे टळू दे. मागणं मान्य होत नाही. मित्र तर झोपूनच जातात. तरी त्याने दोन्ही गोष्टी केल्या, देवाला भीती सांगितली आणि माणसांनाही सांगितली. देवाला सांगून माणसांपासून लपवली नाही. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे यातलं धर्मशास्त्र मला विचारू नका. पण एक पुरुष म्हणून मला हा प्रसंग पाण्यावर चालण्याच्या प्रसंगापेक्षा जास्त कठीण वाटतो.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीला वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डर आणि गुंड यांची नजर पडली तेव्हा हरित वसईच्या चळवळीत हा धर्मगुरू रस्त्यावर उतरला. त्या काळात वसईत तोंड उघडणं म्हणजे काय होतं हे तिथल्या जुन्या लोकांना विचारा. वसई सगळी हिरवी राहिली का? नाही. विरारच्या लोकलमधून बाहेर बघितलं तरी उत्तर मिळतं. पण जे काही वाचलं ते बोलणाऱ्यांमुळे वाचलं. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला (आता धाराशिव) ते ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पहिलेच ख्रिस्ती अध्यक्ष. काही संघटनांनी विरोध केला. वय ७७, पाठीचं दुखणं अंगावर, तरी त्यांनी तिथे जाऊन मोकळेपणाने सांगायचं ते सांगितलं. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांच्याबद्दल वाचताना मला दर वेळी जाणवतं ते हेच, की त्यांचा विश्वास त्यांना गप्प बसवत नव्हता.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. हे सगळं श्रद्धेशिवाय जमत नाही का? जमतं. माझे कित्येक नास्तिक मित्र बायकोला पहिल्याच दिवशी सांगतात. आणि श्रद्धेच्या नावाखाली औषध बंद करणारे, कर्ज काढून नवस फेडणारेही आहेत, त्यांचं काय? त्यांचं मी समर्थन करत नाही. अंकल स्वतः आठवड्यातून तीन वेळा मशीनला जोडून घेतात आणि पाणी मापून पितात. मी त्यांना विचारलं होतं, जरा धीर करूनच, की तुम्ही देवाकडे काय मागता? बरं व्हायला मागता का? ते हसले. म्हणाले, "मशीनवर असताना चिडचिड होते रे. सिस्टरवर ओरडायला होतं. तेवढं होऊ नये असं मागतो. कधी देतो, कधी नाही देत."

मला आठवणाऱ्या सगळ्या प्रार्थनांमध्ये ही सगळ्यात कमी मागणारी. आणि तरी ती मागायला मोठी हिंमत लागते, कारण त्यात आधी कबूल करावं लागतं की मी ओरडतो. माझा मुद्दा एवढाच आहे. संकटात देवावरचा विश्वास खरा आहे की नाही याची एक साधी परीक्षा घेता येते. त्या विश्वासाने तुम्ही जास्त खरं बोलायला लागलात की कमी? ज्यांच्याबरोबर एकाच जहाजात आहात त्यांच्या जवळ गेलात की लांब? निकाल काय लागला हा मागाहूनचा प्रश्न. जहाज राहील किंवा जाईल. पण वीस वावाचे पंधरा झाले हे ज्याने सगळ्यांना ओरडून सांगितलं, त्याने निदान नांगर टाकायला वेळ मिळवून दिला. आणि ज्यांचा कुठल्याच देवावर विश्वास नाही त्यांनाही ही परीक्षा लावून बघायला हरकत नाही. देवाच्या जागी 'माझं मी बघून घेईन' ठेवा आणि तपासा.

पुढे काय झालं ते सांगतो. मित्राची बायको चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. नोकरी गेली म्हणून नव्हे, तीन आठवडे तिच्यासमोर टाय बांधून घराबाहेर पडला म्हणून. पाचव्या दिवशी तिनेच एक एक्सेल शीट बनवली. डाव्या रकान्यात काय टाकून देता येईल (गाडी, क्लास, दोन सबस्क्रिप्शन), उजव्या रकान्यात काय काहीही झालं तरी ठेवायचं. उजवीकडे सगळ्यात वर पप्पांचं डायलिसिस. नोकरी हे लिहीपर्यंत तरी मिळालेली नाही. दोन इंटरव्ह्यू झालेत, एकाने कळवलंच नाही. तो अजूनही माऊंट मेरीला जातो, पण आता रविवारी, आणि तिघं मिळून.

मीही परत आल्यावर घरी एक गोष्ट सांगितली जी चार महिने सांगितली नव्हती. काय ते इथे लिहीत नाही, जिला सांगायची होती तिला सांगून झालंय. रात्री जेवणं उशिरा झाली एवढंच.

पुढच्या शनिवारी आम्ही परत रत्नागिरीला जातोय. अंकलच्या पुढच्या तपासण्या आहेत आणि त्याला एकट्याला जायचं नाहीये. काल तिकिटं काढल्यावर त्याचा मेसेज आला, "चला, मांडवीने मांडवीला."

बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यावर हसलो.